पोटाचा धंदा आणि जिवाचे काम

चंदीगडास नव्याने बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या रविवारी काय दाखवावयाचे, हे आपल्या मंडळात कित्येक वर्षांपासून ठरून गेलेले आहे. सकाळी सुखना तलाव, मग रोझ गार्डन, आणि ऊन कलले की रॉक गार्डन. पाहुणे फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, मुले अरुंद दारांतून वाकून पळत सुटतात, आणि यजमान या नात्याने आपण ‘हे सर्व एका माणसाने टाकाऊ वस्तूंतून उभे केले’ हे ठराविक वाक्य उच्चारतो. आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. मात्र त्या वाक्यातील ‘एक माणूस’ हा आमच्यासारखाच सरकारी नोकर होता, सकाळी हजेरी लावून संध्याकाळी सुटणारा होता, या गोष्टीचा विचार आम्ही अलीकडेपर्यंत केला नव्हता.

तो करावयास लावणारा प्रसंग घरगुती आहे. गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आरतीनंतर मंडळाचे एक जुने सभासद आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्या चिरंजीवांना जरा समजावा. तुमचे ऐकेल तो.” चिरंजीव इंजिनिअर, मोहालीतील एका खाजगी कंपनीत चांगल्या पगारावर. ती नोकरी सोडून मजूर वस्तीतील मुलांना शिकविण्याचे त्याने मनात घेतले होते. दुसऱ्या दिवशी तो आला, पाया पडला आणि सरळ विचारता झाला, “काका, ज्या कामात जीव रमतो त्या कामावर पोट भरू नये, असा काही नियम आहे का?” तेहतीस वर्षे नियमांच्या पुस्तकांत गेलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आम्ही त्याला चहा दिला आणि वेळ मागून घेतली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मागून घेतलेल्या वेळेचा हिशेब होय.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. संतमंडळींनी तो आपल्या परीने सोडविला होता. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी. कोणीही आपला धंदा टाकून संत झाला नाही. मळा, चाक, कात्री हीच त्यांच्या उपासनेची साधने ठरली. यांपैकी नामदेव तर आपल्या या पंजाबचेही झाले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले अशी परंपरा आहे, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

परंतु संतांच्या काळी धंदा बापाकडून येत असे. नोकरी हा प्रकार इंग्रजी अमदानीतला, आणि ‘पोटासाठी एक व जिवासाठी दुसरे’ ही फाटाफूटही तेव्हाचीच. शिकलेल्या मराठी माणसापुढे हा पेच प्रथम उभा राहिला तो पुण्यात. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, आणि पुढे नोकरीचा राजीनामा देऊन १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि आगरकर हे दोघे तरुण पदवीधर त्यांना येऊन मिळाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सताड उघडे होते. आगरकरांनी तर आपल्या आईला कळवून टाकले होते की, मुलगा शिकून मोठ्या पगारावर जाईल ही आशा धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ तो लोकांच्या कामी लावणार आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. या संस्थेने आमच्या प्रश्नाला एक संस्थात्मक उत्तर दिले. ते उत्तर म्हणजे ‘आजीव सभासद’. वीस वर्षे संस्थेला द्यावयाची, आणि त्याबदली संसार कसाबसा चालेल इतके वेतन घ्यावयाचे. हे वेतन पुढे महिना ७५ रुपये म्हणून प्रसिद्धीस आले. म्हणजे काम तेच व पोटही त्यावरच. अट एवढीच की, पोटाने फार मोठे होऊ नये.

उत्तर सुंदर होते, पण त्यातूनच भांडण निघाले, हे इतिहासाने आपल्यापासून लपविलेले नाही. वेतन वाढवावे काय, सभासदाने बाहेरचे काम व बाहेरची मिळकत घ्यावी काय, हे प्रश्न उपस्थित झाले. टिळकांचा आग्रह असा की, सभासदाचा सर्व वेळ संस्थेचा आहे. इतरांचे म्हणणे असे की, वाढत्या संसाराला पंच्याहत्तर रुपये पुरत नाहीत, आणि शिकविण्याबाहेरही माणसाला कर्तव्ये असतात. गोपाळराव गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा वाद विकोपास गेला, आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ‘केसरी’ टिळकांच्या ताब्यात आला तो कर्जासह. मग चरितार्थासाठी टिळकांनी काय केले? कायद्याचा वर्ग चालविला. लोकमान्यांनाही जिवाचे काम एका हाताने आणि पोटाचे काम दुसऱ्या हाताने करावे लागले, हे वाचून आम्हांस तरी मोठा दिलासा वाटला.

याच संस्थेत १८९१ साली गणिताचे अध्यापक म्हणून आले धोंडो केशव कर्वे. वेतन तेच, ७५ रुपये. कर्व्यांनी नोकरी सोडली नाही. गणित शिकविणे चालू ठेवले. मात्र १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले. पुढे आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला, तेव्हा दिवसा कॉलेजात तास आणि मग आश्रमाची पायवाट, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. कॉलेजातून ते निवृत्त झाले १९१४ साली, आणि महिला विद्यापीठ निघाले १९१६ साली. म्हणजे आपण ज्याला उतारवय म्हणतो त्या वयात, अठ्ठावन्नाव्या वर्षी! या तारखांकडे आमच्या वयाच्या सभासदांनी विशेष लक्ष द्यावे, अशी नम्र सूचना आहे.

दुसरा मार्ग धुंडिराज गोविंद फाळके यांचा. दादासाहेब फाळके काही काळ पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन व छायाचित्रकार होते. म्हणजे आम्हां मध्यवर्ती सरकारच्या नोकरांचे ते पूर्वसूरीच. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी ती नोकरी सोडली. छपाईचा व्यवसाय केला, भागीदारी मोडली, आणि एके दिवशी चलच्चित्र पाहून त्यांना आपले काम सापडले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला जाऊन आले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कामावरच्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा जन्म झाला. परंतु १९४४ साली नाशिकला फाळके वारले ते विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो पंचवीस वर्षांनी. जो तरुण ‘फाळक्यांसारखे सर्व सोडून द्यावे’ असे म्हणतो, त्याने ही दुसरी तारीखही पाठ केली पाहिजे. आणि ते दागिने सरस्वतीबाईंचे होते, हेही विसरता कामा नये.

आता आपण पुन्हा चंदीगडला येऊ.

नेकचंद सैनी यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा. गाव बेरियां कलां, तहसील शकरगढ. ही तहसील फाळणीपूर्वी गुरुदासपूर जिल्ह्यात होती, आणि १९४७ साली जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा पाकिस्तानात गेली. म्हणजे ज्या जिल्ह्यात आपल्या नामदेवांनी आपले गाव सोडून घर केले, त्याच जिल्ह्यातून नेकचंदांना घर सोडून यावे लागले. शेतकऱ्याचा हा मुलगा निर्वासित होऊन इकडे आला. १९५१ साली चंदीगडच्या उभारणीत सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना रोड इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली.

त्या वेळचे चंदीगड डोळ्यांपुढे आणले पाहिजे. लाहोर गेल्यामुळे पंजाबला राजधानी हवी होती. ल कार्बुझिए यांचा आराखडा, त्यांचे चुलतबंधू पिएर जानेरे यांची प्रत्यक्ष देखरेख, वर्मा व थापर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची धडपड यांतून माळरानावर नवे शहर आकार घेत होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नवे शहर वसविण्यासाठी जुनी खेडी उठविण्यात आली. त्या खेड्यांतील फुटकी भांडी, कौले, बांगड्या, मोडक्या सायकली, आणि नव्या बांधकामावरील सिमेंटची रिकामी पोती, कपच्या, भट्ट्यांतील मळी, असा राडारोडा सर्वत्र पडला होता. रोड इन्स्पेक्टरच्या दृष्टीने तो हटविण्याचा कचरा. नेकचंदांनी तो वेचावयास सुरुवात केली.

साधारण १९५८ पासूनची ही गोष्ट. नोकरी सुटली की सायकलीवरून ते घग्गर व इतर नद्यांच्या पात्रांतून चित्रविचित्र आकाराचे दगड आणीत. सुखना तलावाजवळच्या झाडीत, जेथे काहीही बांधण्यास मनाई होती अशा सरकारी जमिनीवर, त्यांनी जागा साफ केली आणि आपले राज्य वसविण्यास प्रारंभ केला. रात्री टायर जाळून त्या उजेडात काम चाले. राजे, राण्या, पाणी वाहणाऱ्या बाया, नाचणारे, वानरे, मोर, अशा शेकडो मूर्ती तयार झाल्या. निवडक माणसांखेरीज याची वार्ता कोणास नव्हती. चंदीगडच्या उद्यानांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये, अशी कार्बुझिए यांची आज्ञा आहे. नेकचंदांनी शेकडो पुतळे उभारूनही ती आज्ञा मोडली नाही असे म्हणता येईल, कारण त्यांतील एकही पुतळा कोणा थोर व्यक्तीचा नव्हता.

सरकारी नोकर या नात्याने आम्ही हे प्रकरण वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. सरकारी जमिनीवर अनधिकृत बांधकाम, तेही वर्षानुवर्षे, तेही बांधकाम खात्याच्याच कर्मचाऱ्याकडून! आमच्या आचारनियमांत, म्हणजे १९६४ च्या केंद्रीय नियमांत, कामात व्यत्यय न आणता अधूनमधून वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय स्वरूपाचे काम करण्याची मुभा आहे. हा लेखही आम्ही त्याच मुभेच्या आधारे लिहीत आहोत. पण सरकारी रानात राज्य वसविण्याची मुभा कोणत्याही नियमात नाही. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ही बाग उघडकीस आली, तेव्हा निलंबनाची व पाडापाडीची शक्यता पुरेपूर होती.

तसे झाले नाही. बातमी फुटताच लोकांची रीघ लागली. डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्यासारखे जाणते प्रशासक बागेच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९७६ साली बाग जनतेसाठी खुली झाली. आणि मग सरकारने जे केले त्याचे मोल फाइल हाताळणाऱ्यासच कळेल. नेकचंदांसाठी खास पद निर्माण करण्यात आले: ‘सब-डिव्हिजनल इंजिनिअर, रॉक गार्डन’. पगार मिळाला, हाताखाली पन्नास मजूर मिळाले, आणि हेच काम पूर्ण वेळ करण्याची मोकळीक मिळाली. एक साधे कारकुनी पद निर्माण व्हावयास किती टिपणे, किती आक्षेप आणि किती वर्षे लागतात, हे आम्ही जाणतो. ज्याच्यावर खटला भरता आला असता त्याच्यासाठी पदनिर्मिती करणारी ती फाइल एकदा पाहावयास मिळावी, ही आमची फार दिवसांची इच्छा आहे.

पुढचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १९८३ साली टपाल तिकीट निघाले, १९८४ साली पद्मश्री मिळाली, आणि काही वर्षांनी वॉशिंग्टनच्या बालसंग्रहालयातही त्यांच्या मूर्तींची बाग उभी राहिली. मात्र संकटे संपली नाहीत. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बागेवर बुलडोझर चालून आले, तेव्हा नागरिक साखळी करून आडवे उभे राहिले. १९९६ साली नेकचंद परदेशी असताना मूर्तींची नासधूस झाली. १२ जून २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले. घुमानच्या संमेलनानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. आणि २०२५ साली उच्च न्यायालयालगतच्या रस्त्याच्या कामासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. जिवाने केलेल्या कामाचे रक्षणही प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, असा याचा अर्थ.

या सर्व वृत्तान्तातून आम्हांस तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, नेकचंदांच्या नोकरीने त्यांच्या कामाची अडवणूक केली नाही. उलट तिनेच त्यांना काम पुरविले. कोणते गाव उठणार, कोठे राडारोडा पडणार, सिमेंट कसे धरते, हे रोड इन्स्पेक्टरखेरीज कोणास माहीत असणार? कर्व्यांच्या पगाराने आश्रम चालला नसेल, पण त्या पगाराने कर्वे चालले, आणि कर्व्यांच्या पायांनी आश्रम चालला. ज्या नोकरीला आपण बेडी म्हणतो तिच्यात कच्चा माल किती पडला आहे, हे पाहण्याची दृष्टी बहुधा आपल्याला नसते.

दुसरी गोष्ट अशी की, बागेवर पोट अवलंबून नव्हते, म्हणून बागेला घाई नव्हती. सुरुवातीपासून ती खुली होईपर्यंत सुमारे अठरा वर्षे गेली. पहिल्याच वर्षी तिने घर चालवावे अशी अपेक्षा असती तर तेथे विकाऊ बाहुल्यांचे दुकान झाले असते. आणि उघडकीस आली तेव्हा ती इतकी मोठी झाली होती की, पाडणाराचा हात थांबला. पाच-दहा मूर्तीच असत्या, तर एका दुपारी सर्व आटोपले असते.

तिसरी गोष्ट मात्र सुखाची नाही. सर्वांनाच सरकार पद निर्माण करून देत नाही. नेकचंदांना जे लाभले ते फाळक्यांना लाभले नाही. आणि आपल्या कामात फाळके उणे होते असे कोण म्हणेल? रात्री जागून केलेली किती कामे अंधारातच राहिली असतील, याची नोंद इतिहास ठेवीत नाही. तेव्हा ‘मन लावून काम करा, पोट आपोआप भरेल’ असा उपदेश करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो खोटा आहे. खरे एवढेच की, ज्याला खरोखर एखादे काम करावयाचे असते तो ते संध्याकाळी पाचनंतर करू लागतो, आणि पगाराचा प्रश्न काम उभे राहिल्यावर विचारतो.

हेच आम्ही त्या मुलाला सांगितले. घरात बसून नव्हे. एका शनिवारी त्याला रॉक गार्डनमध्येच घेऊन गेलो. तो सर्व ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे काका, राजीनामा देऊ नको असेच ना?” आम्ही म्हटले, “तसे नव्हे. राजीनामा देण्याजोगे काम तुझ्या हातून सुरू झाले आहे की नाही, ते आधी पाहा.” त्याने वर्षभराची मुदत घेतली. आता आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी त्याचा वर्ग भरतो. प्रथम चार मुले होती, आता एकोणीस आहेत. वडिलांचे समाधान अद्याप झालेले नाही. आई मात्र वर्गासाठी शेंगदाण्याचे लाडू करून देते. वर्ष संपेल तेव्हा तो काय ठरवील, हे आम्हांस सांगता येत नाही, आणि ते ठरविण्याचा अधिकारही आमचा नाही.

परंतु त्याच्या प्रश्नाने आमचीही सुटका केली नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालो तेव्हा शिक्षक व्हावे, जुनी कागदपत्रे वाचावीत असे मनात होते. घरी धाकटी भावंडे होती. परीक्षा दिली, सरकारी नोकरी पत्करली आणि देशभर फिरलो. याबद्दल आम्ही कोणासही दोष देत नाही. त्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली. निवृत्तीला आता थोडी वर्षे उरली आहेत. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक वही घातली आहे. आपल्या मंडळाचे जे वृद्ध सभासद या शहरात प्रथम आले, त्यांच्याकडे रविवारी जाऊन बसतो: कोणत्या सालची बदली, कोणते सेक्टर, पहिले मराठी घर कोणाचे भेटले, गणपतीची मूर्ती कोठून आणली, हळदीकुंकवाला किती जणी जमल्या. वही अर्धी भरली आहे.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे होत आहेत आणि १९७६ साली खुल्या झालेल्या त्या बागेलाही तितकीच होत आहेत. मंडळ चालविणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचा पगार मिळाला नाही. बँकेतून, कॅम्पातून, प्रयोगशाळेतून, इस्पितळातून सुटल्यावर सर्वांनी ते चालविले. त्या सर्वांची नावे त्या वहीत यावीत, एवढीच आमची खटपट आहे. ज्यांच्याकडे अद्याप आमचे येणे झालेले नाही, त्यांनी कृपा करून रविवारी सकाळी घरी राहावे. चहा आम्ही बिनसाखरेचा घेतो.